थ्रीडी वस्तू फुटेजवर घसरते, तरंगते, मागे पडते: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

बडोद्यातल्या मांडवी दरवाजासमोर फोनवर दहा सेकंदांचा शॉट घेतला. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तो ट्रॅक केला, म्हणजे चित्रातले स्थिर बिंदू फ्रेमगणिक पकडले आणि त्यांवरून कॅमेऱ्याची चाल काढली (सॉल्व्ह). सॉल्व्ह एरर, म्हणजे काढलेली चाल त्या बिंदूंशी सरासरी किती पिक्सेलने चुकते तो आकडा, ०.४ आला. रस्त्यावर थ्रीडी हत्ती उभा केला आणि शॉट चालवून पाहिला, तर हत्तीचे पाय शेवाळावर ठेवल्यासारखे सरकतायत. आकडा चांगला, चित्र वाईट. क्लास प्रोजेक्टमध्ये कॅमेरा ट्रॅकिंग आलं की हा प्रश्न आलाच, आणि बहुतेक विद्यार्थी त्यावर दोनपैकी एक उपाय करतात. एक तर सगळे ट्रॅकर (त्या बिंदूंवर बसवलेल्या खुणा) पुसून पुन्हा ट्रॅक करायला बसतात, नाहीतर हत्तीलाच हाताने की-फ्रेम लावून दर दहा फ्रेमला जागेवर ढकलतात. पहिल्यात रात्र जाते. दुसऱ्यात घसरणं जातं आणि त्याच्या जागी डुलणं येतं, कारण दोन की-फ्रेमच्या मधल्या नऊ फ्रेम चुकीच्याच राहतात.

'घसरते' या एका शब्दाखाली चार-पाच वेगळे आजार असतात. त्यांची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. म्हणून हात लावण्याआधी दोष ट्रॅकमध्ये आहे, वस्तू ठेवण्यात आहे, फ्रेमच्या हिशोबात आहे की मुळात फुटेजमध्येच आहे, ते ठरवा. या तपासणीला वीस मिनिटं पुरतात. इथली बटणं ब्लेंडरची आहेत, पण आफ्टर इफेक्ट्समध्ये थ्रीडी कॅमेरा ट्रॅकर वापरत असाल तरी तर्क तोच.

शंकूची चाचणी

हत्ती लपवा. क्लिप एडिटरमध्ये हत्तीच्या पायांजवळचे, जमिनीवरचे पाच-सहा ट्रॅक निवडा. सॉल्व्ह टॅबमधल्या जॉमेट्री पॅनेलमध्ये 'लिंक एम्प्टी टू ट्रॅक' हे बटण आहे. त्याने प्रत्येक ट्रॅकच्या जागी एक एम्प्टी, म्हणजे फक्त जागा दाखवणारी रिकामी वस्तू, बसते. तिथे छोटे शंकू ठेवा, टोक खाली आणि नेमकं त्या बिंदूवर. मग कॅमेऱ्यातून बघत 'व्ह्यूपोर्ट रेंडर ॲनिमेशन' काढा. टाइमलाइनवर अडखळत चालणारा शॉट पाहून निर्णय घेऊ नका, त्यात नसलेले झटके दिसतात.

यात एक फट आहे. ज्या ट्रॅकवरून सॉल्व्ह झालं, त्याच ट्रॅकवर शंकू ठेवले तर ते बसणारच, कारण गणिताने त्यांनाच बसवलेलं असतं. खरी परीक्षा साक्षीदार ट्रॅकची. हत्तीच्या पायांच्या आसपास दोन ट्रॅक असे घ्या, की ज्यांचं वेट सगळ्या फ्रेमवर शून्य आहे. असा ट्रॅक कॅमेरा ठरवताना मत देत नाही, पण त्याची थ्रीडी जागा काढली जाते. त्याच्यावरचा शंकू शेवटपर्यंत बसून राहिला तर ट्रॅकवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता पाहा. शंकू चिकटून आहेत आणि फक्त हत्ती सरकतो, तर ट्रॅकिंगला हात लावू नका, दोष ठेवण्यात आहे. शंकूही सरकतात, तर ट्रॅक किंवा फुटेज. शंकू चौकटीच्या मध्यभागी नीट आणि कडेला गेले की ढळतात, तर लेन्स. शंकूंची हालचाल बरोबर पण एखादी फ्रेम मागे किंवा पुढे, तर फ्रेमचा हिशोब.

ठेवण्यातली चूक: सर्वांत जास्त वेळा हीच

कॅमेऱ्यातून बघताना खोली कळत नाही. ८ मीटरवरचा ३ मीटर उंचीचा हत्ती आणि ४ मीटरवरचा दीड मीटर उंचीचा हत्ती पडद्यावर अगदी सारखे दिसतात. पहिल्या फ्रेमवर डोळ्यांनी जुळवून ठेवलेला हत्ती रस्त्यावर उभा असल्यासारखा वाटतो, आणि प्रत्यक्षात तो अर्ध्या अंतरावर हवेत लटकलेला असतो. कॅमेरा हलला की तो पकडला जातो.

आकड्यांत पाहा. फोनची मुख्य लेन्स साधारण २६ मिमी तुल्य (फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या मापात) धरली, तर १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात कॅमेरा अर्धा मीटर बाजूला गेल्यावर ८ मीटरवरचा बिंदू सुमारे ८७ पिक्सेल सरकतो आणि ४ मीटरवरचा १७३ पिक्सेल. म्हणजे हत्ती अर्ध्या अंतरावर लटकलेला असेल, तर पायांखालचा रस्ता ८७ आणि पाय १७३. एवढी ढोबळ चूक लगेच दिसते. फसवणारी चूक बारीक असते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आहे आणि हत्तीचे पाय फक्त १० सेंटीमीटर वर राहिलेत, तर त्याच अर्ध्या मीटरच्या हालचालीत पाय जमिनीवरून सुमारे ६ पिक्सेल घसरतात. मोठ्या पडद्यावर २ पिक्सेलसुद्धा डोळ्यांना टोचतात. 'ट्रॅक थोडासा ढळतोय' अशी तक्रार आली की आधी हे १० सेंटीमीटर शोधा.

उपाय: वस्तू कधीही कॅमेऱ्यातून ठेवू नका. वरून आणि बाजूने, म्हणजे टॉप आणि साइड व्ह्यूमधून, ट्रॅकच्या बिंदूंवर ठेवा. त्याआधी दृश्य सरळ करून घ्या. जमिनीवरचे तीन ट्रॅक निवडून 'फ्लोअर', एक निवडून 'ओरिजिन', दिशा ठरवायला 'सेट एक्स ॲक्सिस', आणि माहीत असलेल्या अंतराचे दोन ट्रॅक निवडून 'सेट स्केल'. अंतरासाठी शूटिंगच्या वेळीच टेप लावून दोन खुणा १ मीटरवर मापून ठेवाव्यात. नंतर अंदाजाने स्केल दिलं, तर ट्रॅक बिघडत नाही, पण सावलीची धार आणि फोकसची खोली फसतात.

'फ्लोअर'साठी निवडलेले तीन बिंदू कुठले, यावर बरंच अवलंबून असतं. रस्ता सपाट नसतो. पाणी वाहून जावं म्हणून मध्ये फुगीर आणि कडेला उतरता केलेला असतो. दोन बिंदू एका फुटपाथलगत आणि तिसरा समोरच्या कडेला घेतला, तर त्यांतून जाणारं प्रतल रस्त्याच्या मध्यभागी डांबराच्या खाली जातं. हत्ती मध्यभागी उभा असेल, तर तिन्ही बिंदू त्याच्या पायांच्या आसपासचेच घ्या. पायऱ्या किंवा ओटा असेल तर एका सपाट प्लेनवर भागत नाही. ट्रॅकच्या बिंदूंवरून तेवढ्या जागेची ओबडधोबड जमीन बांधून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे आणि सावलीलाही उपयोगी पडतं.

ठेवून झाल्यावर पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन फ्रेमवर तपासा. एका फ्रेमवर जुळणं हा पुरावा नव्हे.

फ्रेमचा हिशोब

ओळखण्याची खूण सोपी आहे. फुटेजमध्ये कॅमेरा ज्या फ्रेमवर थांबतो किंवा दिशा बदलतो, ती फ्रेम शोधा. हत्ती त्याच फ्रेमवर थांबला पाहिजे. तो एक-दोन फ्रेम नंतर थांबत असेल, तर ट्रॅक निर्दोष आहे आणि घड्याळ चुकलंय.

हा फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहत असेल, तर क्रमांकाची गडबड आहे. ब्लेंडरचा सीन १ पासून सुरू होतो. चित्रमालिका (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्र-फाइल) ००००, ०००१ किंवा १००१ पासून सुरू झालेली असू शकते. क्लिप एडिटरमधल्या फुटेज पॅनेलमध्ये 'स्टार्ट फ्रेम' आणि 'फ्रेम ऑफसेट' हे दोन आकडे बघा आणि कॉम्पमध्येही, म्हणजे फुटेज आणि थ्रीडी एकत्र जोडता तिथेही, तेच आहेत ना ते जुळवा.

फरक शॉटच्या शेवटाकडे वाढत जात असेल, तर कारण फोनमध्ये आहे. फोनवर '३० फ्रेम' लिहिलेलं असलं तरी तो प्रत्येक सेकंदाला बरोबर ३० फ्रेम घेतोच असं नाही. उजेड कमी झाला की काही फोन आपणहून फ्रेम कमी करतात. अशी बदलत्या फ्रेमरेटची फाइल ट्रॅक करणारं सॉफ्टवेअर एका तऱ्हेने वाचतं आणि कॉम्प करणारं दुसऱ्या तऱ्हेने, त्यामुळे एकाची २०० वी फ्रेम दुसऱ्याची १९८ वी ठरते. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की 'फ्रेम रेट मोड' पुढे 'व्हेरिएबल' लिहिलेलं दिसेल.

अशी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. व्हिडिओ टॅबवर फ्रेमरेट ३० निवडा, 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' वर टिंब द्या, क्वालिटीचा आरएफ आकडा १४ ते १६ ठेवा. मग त्यातून पीएनजी मालिका काढा आणि ट्रॅकिंगपासून अंतिम कॉम्पपर्यंत फक्त ती मालिका वापरा. ३० चं फुटेज २५ करू नका. दर सहा फ्रेममधली एक गळते आणि कॅमेऱ्याच्या चालीत ठरावीक अंतराने ठेच लागल्यासारखी दिसते. प्रोजेक्ट २५ वर द्यायचा असेल तर शूटिंगच २५ वर करा. ब्लेंडरच्या नव्या फाइलमध्ये फ्रेमरेट २४ असतो. तो क्लिप आणण्याआधी बदला, हे विसरणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.

फुटेजमध्येच घोळ असेल तर

पहिला संशयित फोनचं स्टॅबिलायझेशन. हाताचा कंप लपवण्यासाठी फोन प्रत्येक फ्रेम थोडी कापतो, सरकवतो, कधी तिरकी ताणतो. सॉल्व्ह करणारं गणित असं धरून चालतं की लेन्स शॉटभर एकच आहे आणि तिचा मध्य चित्राच्या मध्यावर आहे. स्टॅबिलाइझ केलेल्या फुटेजमध्ये हे दोन्ही दर फ्रेमला बदलतं. एरर १.५ च्या खाली येतच नाही, ट्रॅकर एकेक करून तपासले तर सगळे बरोबर, आणि शंकू मात्र श्वास घेतल्यासारखे आत-बाहेर होतात. यावर नंतर औषध नाही. पुन्हा शूट करा आणि स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात ती सोय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप घ्या. त्यात स्टॅबिलायझेशन, शटर, फ्रेमरेट, फोकस आणि लेन्स हे सगळं हाताने ठरवता येतं. शॉट स्थिर हवाच असेल, तर हत्ती बसवून झाल्यावर पूर्ण चित्र स्थिर करा. क्रम उलटा केला की सगळं फसतं.

दुसरा संशयित रोलिंग शटर. फोनचा सेन्सर चित्र एका क्षणात घेत नाही, ओळीओळीने वरून खाली वाचतो. २५ फ्रेमच्या शॉटमध्ये एका फ्रेमला ४० मिलिसेकंद मिळतात आणि वाचण्यात त्यातला बराच वेळ जातो. कॅमेरा झटकन फिरवला की खंडेराव मार्केटचे उभे खांब तिरपे होतात. सॉल्व्हर बिचारा त्या तिरपेपणाचा अर्थ कॅमेऱ्याच्या हालचालीतून लावायला जातो आणि तेवढ्याच फ्रेमना हत्ती झुकतो. एररचा आलेख उघडा. उंचवटा नेमका वेगवान भागावर असेल, तर हेच. पुन्हा शूट शक्य नसेल, तर एक युक्ती बरीच कामी येते. हत्तीचे पाय चित्रात ज्या उंचीवर आहेत, त्याच आडव्या पट्ट्यातल्या ट्रॅकना पूर्ण वेट ठेवा आणि खूप वरच्या, खूप खालच्या ट्रॅकचं वेट ०.२ पर्यंत उतरवा. एका पट्ट्यातल्या ओळी जवळजवळ एकाच क्षणी वाचलेल्या असतात, त्यामुळे निदान पायांपाशी तरी हिशोब जुळतो.

तिसरी गोष्ट लेन्स बदलणं. एका लेन्सवरून दुसऱ्या लेन्सवर फोन मधेच न सांगता उडी मारतो, आणि फोकस पुढे-मागे झाला तरी चित्राचा आवाका किंचित बदलतो. दोन्ही कुलूपबंद करा. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर अडकतात. ०.५ ची अतिरुंद लेन्स ट्रॅकिंगसाठी टाळा. तिच्या कडा इतक्या वाकतात की 'मध्ये ठीक, कडेला घसरतो' हा आजार बहुधा तिचाच असतो. ते फुटेज वापरावंच लागलं तर सॉल्व्हमध्ये के-१ (लेन्सचा वाक सांगणारा आकडा) सुधारून घ्या आणि कॉम्पमध्ये 'मूव्ही डिस्टॉर्शन' नोडने हत्तीच्या रेंडरला लेन्सचा वाक द्या. फुटेज सरळ करत बसू नका, चित्र मऊ पडतं. वाक देताना कडा आत येतात, म्हणून रेंडर सर्व बाजूंनी ५ ते १० टक्के मोठा काढावा लागतो.

दादासाहेब फाळके याच बडोद्यात, कलाभवनात शिकले. त्यांच्या काळी चमत्काराची दृश्यं एकाच फिल्मवर दोनदा एक्स्पोजर देऊन कॅमेऱ्यातच होत. दोन वेळांमध्ये कॅमेरा केसभर हलला की दृश्य वाया. आज नंतर सुधारायची साधनं हाताशी आहेत, पण शूटिंगच्या वेळी काय काय अडकवून ठेवायचं, ही शिस्त तेव्हाइतकीच लागते.

ट्रॅकर कुठे ठेवले आहेत

ट्रॅकर चांगला म्हणजे खऱ्या जगातल्या एका न हलणाऱ्या बिंदूला चिकटलेला. ऐकायला सोपं आहे, पण आपल्या गावात न हलणारं फारसं काही सापडत नाही. मांडवीभोवती रिक्षा फिरतायत, कमाटी बागेत पानं हलतायत, उत्तरायणात आकाशभर पतंग. ऑटो-डिटेक्ट या सगळ्यांवर ट्रॅकर टाकतं.

सूरसागरच्या काठावरून घेतलेला शॉट घ्या. तळ्यातला शंकराचा पुतळा स्थिर आहे, त्यावरचा ट्रॅक चालतो. पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब चालत नाही. पाणी अगदी शांत असलं तरी तो बिंदू पाण्याच्या पृष्ठभागाखाली खोल असल्यासारखा सोडवला जातो, आणि पाणी जरा हललं की तोही हिशोब राहत नाही. चकाकी तर कॅमेऱ्याबरोबर चालत येते.

याहून लबाड प्रकार म्हणजे खोटा कोपरा. जवळच्या कठड्याची सळई आणि मागच्या इमारतीची कड चित्रात एकमेकींना छेदतात तिथे झकास कोपरा दिसतो. ट्रॅकर तो शेवटपर्यंत इमानाने पकडतो. पण त्या जागी खऱ्या जगात काहीच नाही, दोन वेगळ्या अंतरांवरच्या रेषा आहेत. कॅमेरा हलला की छेद सरकतो. अशा एका ट्रॅकने आजूबाजूचं सगळं खेचलं जातं, आणि आलेख गुळगुळीत असल्यामुळे तो नजरेला येत नाही. प्रत्येक ट्रॅकर मोठा करून डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

सारख्या कमानींचा त्रास निराळा. मांडवीला चारही बाजूंना तीन-तीन कमानी आहेत. एका कमानीच्या कोपऱ्यावरचा ट्रॅकर, मधून बस गेली की शेजारच्या कमानीवर उडी मारतो. आलेखात तो सुळका बनून दिसतो. सर्च एरिया लहान करा, किंवा बस येण्याआधीच ट्रॅक संपवा आणि ती गेल्यावर नवा सुरू करा. तोच ट्रॅक पुढे ओढण्यात शहाणपण नाही.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी. 'मॅच' या ठिकाणी 'प्रीव्हियस फ्रेम' असेल तर दर फ्रेमची बारीक चूक पुढच्या फ्रेमच्या खात्यावर जमा होते आणि ट्रॅकर शंभर फ्रेममध्ये हळूहळू ढळतो. 'कीफ्रेम' केलं की तो मूळ नमुन्याशीच ताडून बघतो. नमुना फार बदलला तर तो थांबतो, आणि थांबणं हे ढळण्यापेक्षा कधीही बरं. कोरिलेशन, म्हणजे नमुना किती जुळला पाहिजे तो आकडा, ०.७५ वरून ०.९ करा. ऊन-सावली बदलत असेल तर 'नॉर्मलाइझ' लावा.

अचानक बसणारा झटका हा आणखी एक वेगळा प्रकार. शंकू नव्वद फ्रेम शांत असतात, एका फ्रेमवर टुणकन उडतात आणि पुन्हा शांत होतात. त्या फ्रेमवर दोन-तीन ट्रॅक एकदम संपलेले किंवा सुरू झालेले असतात. त्यांची मतं एका क्षणात गेल्यामुळे कॅमेऱ्याला धक्का बसतो. संपणाऱ्या ट्रॅकचं वेट शेवटच्या १० फ्रेममध्ये १ वरून ० पर्यंत उतरवा आणि सुरू होणाऱ्याचं तसंच चढवा.

सॉल्व्हचे आकडे

सॉल्व्ह ज्या दोन फ्रेमच्या तुलनेपासून सुरू होतं त्या की-फ्रेम, म्हणजे ए आणि बी, यांच्यात किमान ८ ट्रॅक दोन्हीकडे हजर असावे लागतात. ८ हा किमान आकडा झाला. कोणत्याही फ्रेमवर १५ ते २५ ट्रॅक, जवळचे-लांबचे मिसळून आणि चौकटभर पसरलेले, असा बेत ठेवा. ए आणि बी अशा निवडा की त्यांच्यामध्ये कॅमेरा खरोखर बाजूला सरकलेला असेल. जवळच्या वस्तू लांबच्या वस्तूंवरून सरकताना डोळ्यांना दिसल्या पाहिजेत. ट्रायपॉडवर जागेवरून कॅमेरा फिरवला असेल तर खोलीची माहिती फुटेजमध्ये नसतेच. तिथे 'ट्रायपॉड' हा पर्याय लावून सॉल्व्ह करा आणि वस्तू लांब ठेवा. अर्धा शॉट जागेवरून फिरवलेला आणि अर्धा चालत घेतलेला, हा सर्वांत अवघड. तो शूटच करू नका.

सेन्सरची रुंदी ३६ आणि फोकल लेन्थ २६ ते २८ पासून सुरुवात करा. व्हिडिओ घेताना चित्र कापलं जातं, म्हणून खरा आकडा थोडा वर असतो. आधी काहीही न सुधारता सॉल्व्ह, मग फक्त फोकल लेन्थ, मग के-१. सुधारायच्या सगळ्या पर्यायांवर एकदम खूण केली की गणित ट्रॅकची चूक लेन्सच्या माथी मारून एरर खाली आणतं. फोकल लेन्थ १५ किंवा ६० वर गेली तर तो आकडा फेकून द्या. तो लेन्सबद्दल काहीच सांगत नाही, फुटेजमध्ये पुरेशी बाजूची हालचाल नाही एवढंच सांगतो.

एरर ०.३ च्या खाली उत्तम, १ पर्यंत चालण्यासारखा, ३ च्या वर म्हणजे मुळात काहीतरी चुकलंय. हा आकडा पिक्सेलमध्ये असतो, त्यामुळे फोर-के फुटेजवरचा १ हा एचडीवरच्या अर्ध्याबरोबर. पण एका सवयीपासून सांभाळा: जास्त एररचे ट्रॅक पुसायचे, सॉल्व्ह करायचं, पुन्हा पुसायचे. एरर ०.१५ होतो आणि एका कोपऱ्यात गोळा झालेले नऊ ट्रॅक उरतात. चौकटभर पसरलेल्या २५ ट्रॅकचा ०.६ त्याहून कितीतरी विश्वासाचा. सुरुवातीच्या उदाहरणातला ०.४ असाच असू शकतो.

घसरत नाही, पण घसरल्यासारखं वाटतं

शंकू चिकटलेले, पाय जमिनीवर, फ्रेम जुळलेली, तरी काहीतरी खटकतं. तेव्हा मोशन ब्लर बघा. दुपारच्या उन्हात फोन शटर १/१००० करतो आणि फुटेजमध्ये पुसटपणा नसतो. रेंडरमध्ये मात्र शटर ०.५, म्हणजे फ्रेमच्या वेळेच्या निम्मं, राहिलेलं असतं. कॅमेरा वळला की हत्ती विरघळतो आणि रस्ता कोरीव राहतो. हिशोब असा: शटरचा वेळ गुणिले फ्रेमरेट. २५ फ्रेम आणि १/५० असेल तर ०.५. ३० फ्रेम आणि १/१००० असेल तर ०.०३, म्हणजे मोशन ब्लर बंदच केलेला बरा.

सावली नसली तरी डोळा वस्तूला तरंगती ठरवतो. जमिनीच्या प्लेनला सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये 'शॅडो कॅचर' (स्वतः न दिसता फक्त सावली झेलणारी) करा, रेंडर सेटिंगच्या 'फिल्म' पॅनेलमध्ये 'ट्रान्स्परंट' लावा. सूर्याची उंची मोजायला १ मीटरची काठी उभी धरून सावली मोजा. १ मीटर सावली म्हणजे ४५ अंश. बडोदं कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे, त्यामुळे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य सुमारे ४४ अंशांवर असतो आणि काठीएवढी सावली पडते. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो, सावली पायांखाली लपते आणि हत्ती जमिनीला बांधलेला वाटत नाही. उन्हाळ्यात शूट करायचं तर सकाळी नऊच्या आधी. सन लाइटच्या सेटिंगमधला 'अँगल', म्हणजे सूर्य आकाशात किती रुंद दिसतो तो कोन, आहे तोच राहू द्या, खऱ्या सूर्याचाही अर्धा अंशच असतो.

 

पुन्हा शूट करताना

शटर १/१०० ठेवा. खुणा टोकदार राहतात, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यांच्याशी १/१०० आणि १/५० दोन्ही जुळतात. १/६० किंवा १/१२० ठेवलं तर गणपतीच्या रोषणाईत चित्रावर काळे पट्टे फिरतील. गच्चीवर किंवा अंगणात शूट करत असाल तर खडूने १२ ते १५ फुल्या काढा, तीन-चार सेंटीमीटरच्या, आणि काही खुणा स्टूल-बादलीवर चिकटवा, म्हणजे सगळे बिंदू एकाच पातळीत राहत नाहीत. बाजूला निदान एक मीटर सरका, चाल संथ ठेवा. लेन्स, कॅमेऱ्याची उंची, दोन खुणांमधलं अंतर, वेळ आणि सूर्याची दिशा वहीत तिथेच लिहा. रस्त्यावर सकाळी साडेसहाला जा. रिकामा रस्ता हा सर्वांत स्वस्त ट्रॅकर.

पुन्हा शूट शक्यच नसेल आणि फरक ४-५ पिक्सेलच्या आत असेल, तर कॉम्पमध्ये तो मिटवता येतो. फुटेजमध्ये पायांजवळचा एक जमिनीवरचा बिंदू टूडी ट्रॅक करा. त्याच जागी थ्रीडीत ठेवलेल्या शंकूचा वेगळा रेंडर काढून तोही ट्रॅक करा. दोन्हींमधला फरक हत्तीच्या आणि सावलीच्या लेयरला सरकवण्यासाठी द्या. फरक आधी थोडा गुळगुळीत करून घ्या, नाहीतर ट्रॅकरची थरथर हत्तीत उतरेल. हे एकाच जागी उभ्या असलेल्या वस्तूला चालतं, चालणाऱ्या हत्तीला नाही. फरक याहून मोठा असेल तर शॉट लहान करा: एररच्या आलेखातला सर्वांत शांत भाग निवडा, ८० ते १०० फ्रेम, आणि तेवढाच तुकडा नव्याने सॉल्व्ह करा.